न सोडलेला दिवा

कुठल्याही जुन्या विहिरीत उतरण्याआधी आबा दिवा सोडायचे, आणि मला त्या दिव्याची लाज वाटायची.

दिवा साधाच होता. काचेला तडा गेलेला कंदील. त्याला लांब दोर बांधून आबा तो तळापर्यंत खाली सोडायचे, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे आणि काठावर उभं राहून प्रभूची प्रार्थना तीनदा म्हणायचे. सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यांच्याकडे घड्याळ कधीच नव्हतं, प्रार्थना हेच घड्याळ. तिसरं आमेन झालं की कंदील वर ओढायचा. पेटता असला तर उतरायचं, विझला असला तर सामान आवरून घरी. "आज विहिरीची मर्जी नाही," असं म्हणायचे आणि चहा मागायचे. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या, बांधल्या, उपसल्या, पण त्यांच्या हाताखालचा एकही माणूस खालून आडवा वर आला नव्हता. हे लोक सांगायचे, माझे वडील स्वतः कधी सांगत नसत.

मी दोन वर्षं शहरात राहून चर्चच्या पाळकाचं शिक्षण घेऊन त्या उन्हाळ्यात घरी आलो होतो. चार पुस्तकं वाचलेला माणूस घरी आला की घरातलं सगळंच त्याला चुकीचं दिसायला लागतं. मला आबांचं जेवताना मिटक्या मारणं दिसायचं, दादाचं सभेत पेंगणं दिसायचं. आणि प्रार्थनेचं घड्याळ करणं तर मला पापच वाटायचं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षापासून आबांच्या हाताखाली, बोलायला कमी. त्याचे तळवे इतके राठ की कागद उचलायचा तर टेबलाच्या कडेपर्यंत सरकवत न्यावा लागायचा. तो मला 'पाळकबुवा' म्हणायचा.

"पाळकबुवा, तुमचं बरंय. प्रवचनात घाम येत नाही."

"आत्म्याला येतो, दादा."

"मग आत्म्याला आंघोळ घालत जा," असं म्हणून तो कुदळीचा दांडा ठोकत बसायचा. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि ती दोघं एकमेकांना पुरी पडत होती.

त्या साली पाऊस आदल्या वर्षीच दगा देऊन गेलेला. गावचा नळ कोरडा पडला. बायका मैलभर लांबच्या झऱ्यावर जायच्या आणि तिथं वाटी-वाटीनं घागर भरायच्या. आमच्या चर्चच्या मागे एक जुनी विहीर होती, अठरा वर्षं वर फरश्या टाकून बंद केलेली. ती उघडून गाळ काढायचा, असं आम्ही तरुण मंडळींनी ठरवलं. आम्ही पाच जण. मी म्होरक्या, चष्मेवाला माझा उजवा हात, बाकीचे तिघे गाणारे आणि हो म्हणणारे.

एका गुरुवारी चर्चमध्ये मंडळीची सभा झाली. आबा उभे राहिले. सभेत बोलताना ते नेहमी समोरच्या बाकाला धरून उभे राहत.

"फरश्या उद्या काढा. विहिरीला तीन दिवस वारा लागू द्या. सोमवारी मी दिवा सोडतो. दिवा तगला तर उतरू."

एवढंच बोलून ते बसले. मग मी उठलो आणि पाव तास बोललो. काय बोललो ते आज आठवलं तरी कानाची पाळी तापते. विश्वास आणि भीती एका घरात राहत नाहीत, असं म्हणालो. आपण देवाच्या घरची विहीर उघडतोय, कुणा सावकाराची नाही, असं म्हणालो. कंदिलावर भरवसा ठेवणारे आणि देवावर भरवसा ठेवणारे, असे मंडळीचे दोन भागच करून टाकले. शेवटी म्हणालो, "आणि प्रार्थना म्हणजे काही अंडं उकडायचं घड्याळ नव्हे." तरुण पोरं हसली. आबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "अंड्याचं काय म्हणाला?" त्यांना एका कानानं कमी ऐकू येत असे.

घरी जाताना मी वाट बघत होतो की ते रागावतील. ते फक्त म्हणाले, "बोलतोस छान. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो."

शुक्रवारी फरश्या निघाल्याच नाहीत. आम्ही उपास आणि प्रार्थना ठेवली होती. फरश्या सोमवारी सकाळीच काढू, असं मी पोरांना सांगितलं. आबांना सांगितलं नाही.

सोमवारी उजाडताच आबा लोहाराकडे गेले, रहाटाचं चाक आणायला. जाताना दादाला म्हणाले, "मी आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही." दादानं मान हलवली. आठ वाजता आम्ही पहारीनं फरश्या उचकटल्या. खालून कुबट, जुन्या तळघरासारखा वास आला आणि गेला. चार पुरुष खोल विहीर. भिंतीतून पुढं काढलेल्या दगडांच्या पायऱ्या, तळाला वाळून भेगाळलेला गाळ. बायामाणसं घागरी घेऊन जमली होती, जणू पाणी वरच ठेवलंय. मी मोठ्यानं प्रार्थना केली. चांगली झाली. नऊ वाजले, ऊन चढलं, आबांचा पत्ता नाही.

दादा रस्त्याकडे बघत उभा होता. "आबांना येऊ दे," तो म्हणाला.

लोक कुजबुजायला लागले होते. चष्मेवाला माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय दादा, तुझा विश्वास अजून कंदिलावरच आहे का?"

कुणीतरी फिसकन हसलं. दादाची मान लाल झाली. त्यानं सदरा काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "तू म्हणतोस ना?" तो म्हणाला. "मग झालं."

तो कमरेला मागे कुदळ खोचून पायरी-पायरीनं उतरला. तळाला पोचल्यावर त्यानं वर बघून हात केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं चारदा कुदळ मारली असेल. मग म्हणाला, "जड वाटतंय रे." आम्हाला वाटलं, गाळ जड आहे. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याची मान पुढं झुकली.

आता सांगतो ते नीट ऐका, कारण अशी चूक आमच्यासारखेच लोक करू शकतात. चष्मेवाला हळूच म्हणाला, "प्रार्थना करतोय." आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. काठावर वीस-पंचवीस माणसं हात जोडून उभी, आणि खाली माझा भाऊ मरत होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. बराच गेला.

धपकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला म्हणून मी डोळे उघडले. आबा आले होते. खांद्यावरचं लोखंडी चाक त्यांनी जमिनीवर टाकलं होतं आणि ते काठावर वाकून खाली बघत होते.

"कधी बसला?" ते ओरडले.

त्यांच्या आवाजावरून मला कळलं. मी पायऱ्यांकडे धावलो. एक पाय खाली टाकलाही होता. आबांनी मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि मला असं उचलून आपटलं की माझा श्वासच गेला. मी उठायला लागलो तर ते माझ्या छातीवर बसले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण विहीरवाल्याचे हात ते.

"कुणी खाली जायचं नाही!" ते बाकीच्यांना म्हणाले. "खाली वाईट हवा साठलीय, जो जाईल तो तिथंच बसेल. फांद्या तोडा. पाला असलेल्या. दोराला बांधा आणि खाली-वर करा. वारा घाला. गळ आणा."

मी त्यांना शिव्या दिल्या. पाळकाचं शिक्षण घेतलेला मी, बापाला आईवरून शिव्या दिल्या, त्यांच्या दंडाला चावलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते विहिरीच्या तोंडाकडे बघत होते आणि पोरांना सांगत होते, फांद्या कशा हलवायच्या, गळ कसा फिरवायचा. गळ दादाच्या पट्ट्यात अडकायला तासभर लागला. त्या तासात वहिनी आली. कुणीतरी तिला घरून बोलावून आणलं होतं. तिनं पाहिलं ते एवढंच: तिचा नवरा खाली आणि सासरा दुसऱ्या मुलाच्या छातीवर बसलेला.

दादाला वर काढलं तेव्हा त्याच्या तोंडावर काही त्रास नव्हता. झोपेतून उठवलं तर वैतागेल, एवढंच. त्याचा सदरा तोवर माझ्या अंगाखाली चुरगळून मातीत गेला होता.

दुपारी सरकारी कारकून आला. चर्चच्या व्हरांड्यात टेबल टाकून त्यानं जबाब घ्यायला सुरुवात केली. आबांच्या दिव्याची गोष्ट त्यालाही ठाऊक होती, सगळ्यांनाच होती.

"दिवा सोडला होता का?"

आम्ही पाचही जण तिथंच उभे होतो.

"नाही," आबा म्हणाले. "दिवा माझं काम. मी विसरलो."

"मग माणूस खाली उतरला कसा?"

"मीच सांगून गेलो होतो, मला उशीर झाला तर उतर म्हणून." त्यांनी टोपी काखेत धरली होती. "लिहा तसं."

कारकुनानं लिहिलं. आबांनी अंगठ्याशेजारी आपली वेडीवाकडी सही केली. मी तोंड उघडलं नाही. चष्मेवाल्यानं चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिला. काठावर जमलेल्यांना माझा तो प्रश्न ऐकू गेला होता, पण सगळ्यांनी मिळून डोळे मिटले होते आणि बापच दोष घेतोय म्हटल्यावर कुणाला मध्ये पडायचं नव्हतं. वहिनी व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसली होती. तिनं आबांचा शब्द न् शब्द ऐकला.

दादाला दुसऱ्या दिवशी मातीत ठेवलं. खड्डा आबांनीच खणला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कडा इतक्या सरळ काढल्या होत्या की लोक नंतरही त्याबद्दल बोलत राहिले. आबा रडले नाहीत. लोक त्याबद्दलही बोलले.

मग घरात ते दोन महिने सुरू झाले.

वहिनी आबांशी बोलेनाशी झाली. भांडली नाही, घर सोडून गेली नाही. स्वयंपाक करायची, त्यांचं ताट उंबऱ्याबाहेरच्या ओट्यावर ठेवायची आणि आत निघून जायची. हाक मारायची नाही. ताट दिसलं की आबा जेवायचे, नाही दिसलं तर बसून राहायचे. एकदा मांजरानं ताटात तोंड घातलं, तर त्यांनी तेवढा भाग बाजूला सारला आणि उरलेलं खाल्लं. मला मात्र ती आत बसवून गरम वाढायची. "जेवा भाऊजी, तुम्ही तरी जेवा," म्हणायची. एकदा म्हणाली, "तुम्ही उडी घालायला निघाला होतात, सगळे सांगतात. त्यांनीच धरून ठेवलं."

गावातल्या लोकांनी आबांना बोलावणं सोडलं. म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं, पोटच्या पोराला दिव्याशिवाय उतरवला, असं म्हणायचे. दोघांनी तर ठरलेल्या विहिरी शेजारच्या गावच्या माणसाला दिल्या. आबांना हे समोरासमोर कुणी सांगितलं नाही. ते अवजारं घेऊन ठरल्या दिवशी एकाच्या शेतावर गेले, तर तिथं दुसराच माणूस दोर सोडत होता. त्यांनी त्याचा दोर तपासला, गाठ एक पेर वर घ्यायला सांगितली आणि घरी आले.

आठव्या दिवशी ते चर्चच्या विहिरीवर गेले. एकटेच. मी मागोमाग गेलो.

"कशाला आलात इथं?" मी विचारलं.

"अर्धी विहीर सोडू नये. जनावर पडतं, पोर पडतं."

ते खाली, मी वर रहाटावर. आता दिवा रोज सुटत होता, आणि काठावरची प्रार्थना मी म्हणत होतो. आबा म्हणायचे, "पळतोयस. कंदिलाला विचार करायला वेळ दे." गाळाच्या पाट्या वर ओढून माझ्या हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दोन वर्षं पुस्तकं धरलेले हात. पाटी भरली की आबा दोर दोनदा हिसकायचे. ढासळलेले दगड बसवताना ते प्रत्येक दगड हातात फिरवून बघायचे, याचं तोंड कुठलं, पाठ कुठली. चुन्याशिवाय, नुसता दगडावर दगड. एकदा मी वरून घाईत दगड सोडला आणि तो त्यांच्या खांद्याला घासून गेला. मी घाबरून ओरडलो. खालून आवाज आला, "लागला नाही. पण पुढचा बघून सोड." बस्स. दादाला त्यांनी चौदा वर्षं असंच शिकवलं असणार.

एका दुपारी आम्ही विहिरीच्या सावलीत बसलो होतो. मी म्हणालो, "आबा, मी वहिनीला खरं सांगणार आहे."

ते बोटांतला गाळ काडीनं कोरत होते. "नको."

"का?"

"तिला कुणावर तरी राग धरावा लागणारच. माझ्यावर धरला तर मी अजून पाच-सात वर्षं जगेन, संपेल. तुला तिच्यासोबत एका छपराखाली आयुष्य काढायचंय. तिला दुसरं घर नाही, तिचे आईबाप कधीच गेले. उद्या मी नसताना तिला तुझ्या हातचं पाणी प्यावं लागेल."

"आणि लोक तुम्हाला काय काय बोलतात ते?"

"लोकांचं काय, त्यांच्या तोंडाला झाकण थोडंच आहे." ते उठले. "तुझी नेमणूक आहे महिनाअखेर. मंडळीला पाळक लागतो. विहीरवाला काय, शेजारच्या गावातही आहे."

मी रहाटाकडे परतलो. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बापानं परवानगी दिली होती ना गप्प बसायची. किती सोयीचा होता त्यांचा मोठेपणा मला.

पावणेदोन महिन्यांनी पाणी लागलं. आधी गढूळ ओल, मग पायाच्या घोट्यापर्यंत, आठवड्यात कमरेपर्यंत. चांगलं, गोड पाणी. सगळं गाव भरायला यायला लागलं. जे आबांच्या डोक्याबद्दल बोलले होते, ते रांगेत पुढं होते. एकटी वहिनी आली नाही. ती मैलभर चालून झऱ्यावरच जायची. डोक्यावर एक, कमरेवर एक, भर उन्हात. तिची टाच फुटून रक्त यायचं. मी घागर घ्यायला पुढं झालो, तर म्हणाली, "त्या विहिरीचं पाणी मी पिणार नाही. तुम्ही प्या भाऊजी. तुमचा काय दोष."

तुमचा काय दोष. त्या दिवशी मी ठरवलं की येत्या रविवारी, नेमणुकीच्या प्रार्थनेआधी, सगळ्या मंडळीसमोर कबूल करायचं. रात्रभर मनात वाक्यं जुळवली. सकाळी घंटेवालीकडे गेलो. ही म्हातारी आमच्या चर्चची घंटा वाजवायची, झाडलोट करायची, आणि मंडळीच्या यादीत वयानं सगळ्यात मोठी होती. तिच्याकडे रविवारच्या क्रमाची वही असायची. ती बाक पुसत होती.

"आजी, रविवारी मला दहा मिनिटं हवीत. साक्ष द्यायचीय."

"कसली?"

मी सांगितलं. सगळं. सांगताना रडलो. तिनं फडकं पिळलं, पुढचा बाक पुसायला घेतला.

"वाक्यं पाठ केलीस वाटतं," ती म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"सभेत सांगणं सोपं असतं बाळा. तू रडशील, लोक रडतील, तुला जवळ घेतील. म्हणतील, केवढं धाडस, केवढा नम्र. पुढची वीस वर्षं लोक ती साक्ष आठवतील. आणि ती पोरगी? ती बायकांच्या बाजूला बसून गावाबरोबर ऐकणार का, तिचा नवरा कशानं गेला ते?" तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "हा बाक पूस. आणि घरी जाऊन सांग. चुलीपाशी. जिथं तुला कुणी जवळ घेणार नाही."

"पण आबा नको म्हणतात."

"तुझा बाप देवमाणूस आहे. पण सगळा जन्म विहिरीत गेला त्याचा. त्याला वाटतं, ओझं असलं की आपण खाली राहून भरायचं आणि दुसऱ्याला वर काढायचं. त्याला वर कोण काढणार?" मग म्हणाली, "त्याचा पोरगा मेलाय रे. त्याला रडू तर द्या कुणीतरी."

मी तो बाक पुसला. नंतर तिथले सगळेच पुसले, कारण घरी जायचं धैर्य होत नव्हतं.

सभेतही मी पुढं सांगितलं, चार वाक्यांत. माझी नेमणूक तीन वर्षं लांबली, ते योग्यच झालं. म्हातारीचं खरं होतं, ते सोपं गेलं. अवघड होतं ते त्या संध्याकाळचं.

वहिनी धान्य निवडत बसली होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"वहिनी, आबा विसरले नव्हते. ते सांगून गेले होते, मी आल्याशिवाय उतरू नका म्हणून. दादा थांबला होता. मीच त्याला टोचून बोललो, सगळ्यांसमोर. तुझा विश्वास कंदिलावर आहे का म्हणून विचारलं. म्हणून तो उतरला. आबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

तिचा हात सुपात तसाच थांबला. बाहेर आबा अवजारं धूत होते, पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं ती ओरडेल, सूप अंगावर फेकेल. ती फेकती तर बरं झालं असतं.

"उतरताना काय म्हणाले ते?" तिनं विचारलं.

"मला म्हणाला, तू म्हणतोस ना, मग झालं."

तिनं पुन्हा धान्य निवडायला घेतलं. एक खडा सापडला, तो तिनं उचलून बाजूला ठेवला.

"ते काही देवावर भरवसा ठेवून नाही उतरले, भाऊजी," ती म्हणाली. "तुमच्यावर ठेवून उतरले."

ती उठली. पदर सारखा केला. दारात गेली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हाक मारली. "मामंजी."

आबांच्या हातातलं फावडं खाली पडलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे माझ्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, रागावतील. ते उठायला गेले तर त्यांना उठता येईना. वहिनी पुढं झाली, दंडाला धरून त्यांना आत घेऊन आली आणि भिंतीपाशी बसवलं, दादा जिथं बसायचा तिथं.

"माझा पोरगा," आबा म्हणाले. "माझा पोरगा गेला गं. मी वरून बघत होतो. मला वरून दिसत होता तो." आणि ते रडायला लागले. लहान पोरासारखे, तोंड उघडं टाकून, नाक न पुसता. इतके दिवस त्या घरात तो हक्क त्यांना नव्हता. जो विसरला, ज्यानं उतरवलं, त्यानं तिच्यासमोर रडायचं तरी कोणत्या तोंडानं? वहिनी त्यांच्या शेजारी बसली आणि तीही रडली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून.

मी जवळ जायला एक पाऊल उचललं. वहिनीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. रागानं नाही. नुसतं, अजून नाही, एवढंच.

मी बाहेर आलो आणि अर्धवट राहिलेली अवजारं धुवायला घेतली.